झाकणाकडे जाणारा हात

बाबांना कवळी बसली आणि आमच्या घरचं मटणाचं गणित बिघडलं. प्रेशर कुकरमधलं मटण आम्हा दोघांना मऊ लागायचं, बाबांना नाही. दोन शिट्ट्या वाढवल्या की मांस सुटून यायचं खरं, पण दोऱ्यांसारखं आणि कोरडं. ते दोरे कवळीखाली जाऊन बसायचे. बाबा तक्रार करणाऱ्यांतले नाहीत. जेवून उठले की ताटाच्या कडेला चघळून ठेवलेले दोन-तीन गोळे दिसायचे, तीच त्यांची तक्रार.

विजेवर तासन्‌तास हळूहळू शिजवणाऱ्या भांड्याची, म्हणजे स्लो कुकरची, कल्पना बायकोची. "सकाळी टाकायचं, संध्याकाळी काढायचं, मधे बघायचंसुद्धा नाही," असं ती कुणाकडून तरी ऐकून आली आणि मी लगेच भुललो. घरून काम करत असल्यामुळे दुपारचा स्वयंपाक माझ्याकडे असतो, आणि मीटिंगमध्ये मान डोलावत एका कानानं शिट्ट्या मोजण्यात माझी काही वर्षं गेली आहेत. मधे बघायचं नाही ही गोष्ट तेव्हा मला सोय वाटली होती. ती अट आहे हे नंतर कळलं.

घेताना पहिली चूक होता होता राहिली ती मापाची. भांडं घ्यायचं तर एक माप मोठंच घ्यावं, हे माझं आजवरचं तत्त्व. सहा लिटरचा कुकर मी जवळजवळ नक्की केला होता. मग माहितीपुस्तिका चाळताना एक ओळ दिसली: भांडं निम्म्याच्या खाली ठेवू नये आणि दोन-तृतीयांशाच्या फारसं वर भरू नये. पातेल्याला असला नियम नसतो. इथे असतो, कारण आच मुख्यतः बाजूनं येते. तार भांड्याभोवती कमरपट्ट्यासारखी गुंडाळलेली असते. तळाशी चार पळ्या रस्सा असेल तर तो वेळेच्या आधीच आटतो, कडेला धरतो. काठोकाठ भरलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. म्हणजे सहा लिटरच्या कुकरमध्ये दर खेपेला किमान तीन लिटर काहीतरी शिजवायलाच हवं. तीन माणसांच्या घरात तोच रस्सा आम्ही तीन दिवस खाल्ला असता आणि चौथ्या दिवशी कुकर माळ्यावर गेला असता. आम्ही साडेतीन लिटरचा घेतला, आणि आजवर एकदाही अपुरा पडलेला नाही.

आकार गोल की लंबगोल, यावर दुकानात बरीच चर्चा झाली. ज्यांना अख्खी कोंबडी किंवा मांसाचा मोठा तुकडा तसाच ठेवायचा असतो, त्यांना लंबगोल. आम्ही तुकडेच करणार, त्यामुळे गोल. आतलं भांडं बाहेर निघतं ना, एवढं मात्र मी दोनदा काढून बघितलं. न निघणारं भांडं धुवायचं म्हणजे विजेची वस्तू उलटी धरून नळाखाली कसरत करायची. ते जमणारं नाही.

खरा घोळ झाला तो बटणांचा. एक साधा, गोल खटक्याचा: बंद, लो, हाय, वॉर्म. दुसरा डिजिटल, त्यात वेळ लावायची, वेळ संपली की तो आपण होऊन वॉर्मवर जातो. विक्रेता अर्थातच डिजिटलच्या बाजूनं होता. त्याचं बरोबरही होतं. दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाला तोच उपयोगी. मी मात्र घरीच असतो, शिवाय वीज गेली की अनेक डिजिटल कुकर परत आपोआप सुरू होत नाहीत, खटक्याचा होतो. हा मुद्दा मला बिनतोड वाटला आणि मी खटक्याचा उचलला. त्याच मुद्द्यानं पुढे कसा दगा दिला ते येईलच.

एक तिसरा पर्यायही समोर ठेवलेला होता. प्रेशर कुकर, भाताचा कुकर, स्लो कुकर, सगळं एकातच. जागा वाचते. पण त्यातली आच मुख्यतः बुडातून येते आणि भांडं धातूचं असतं, त्यामुळे स्लो कुकरच्या वेळा त्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. मला शिकायचंच होतं तर एका वेळी एकच गोष्ट शिकायची होती.

घरी आल्यावर खोकं उघडलं. बाहेरचं पत्र्याचं डबडं, आत चिनी मातीचं जाड, जडशीळ भांडं, वर काचेचं झाकण. झाकणाला रबर नाही, ते नुसतं ठेवायचं. बाबांनी भांडं सगळीकडून फिरवून पाहिलं.

"शिट्टी कुठंय?"

"नसते बाबा याला."

"मग झालं हे कळणार कसं?"

"घड्याळ बघून."

त्यांचं समाधान झालेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी काहीच शिजवलं नाही, फक्त पाणी. निम्म्यापर्यंत पाणी भरून, झाकण ठेवून, लोवर आठ तास. यामागे दोन कारणं. नव्या कुकरला पहिल्यांदा तापताना वास येतो, कधी थोडा धूरही. तो कारखान्यातून आलेल्या तेला-लेपाचा. तो मटणात नको. दुसरं कारण तपासणीचं. आठ तासांनी झाकण उघडल्याबरोबर पाण्यात थर्मामीटर घालायचा. साधारण ८५ ते ९३ अंश सेल्सिअस दिसलं तर कुकर नीट आहे. त्याहून बरंच कमी असेल तर अन्न धोक्याच्या तापमानात फार वेळ रेंगाळेल, असा कुकर परत करावा. आमच्या पाण्याचं ९१ भरलं. हे माप उघडल्या उघडल्या घ्यायचं, कारण झाकण काढताच तापमान घसरायला लागतं. मी चष्मा शोधून पुन्हा बघेपर्यंत ते ८८ वर आलं होतं. झाकणाची किंमत मला इथेच कळायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मटण. तेव्हा काय काय केलं ते सांगतो, म्हणजे एकाच दमात सगळ्या चुका सांगून होतील. खाटकाकडून पुठ्ठ्याचं, कमी चरबीचं, 'चांगलं' मटण आणलं. ते तसंच कच्चं भांड्यात घातलं. वर बटाटे आणि गाजरं, मोठमोठ्या फोडी. मग पातेल्यात घालतो त्या अंदाजानं पाणी, म्हणजे सगळं बुडेल एवढं. सकाळी नऊला लोवर लावलं आणि कामाला बसलो.

अकरा वाजता बाबांच्या स्लीपरचा आवाज स्वयंपाकघराकडे गेला. मग झाकणाचा आवाज. काच मातीच्या काठावर घासली की एक विशिष्ट किर्र येते, ती मला हेडफोनमधूनही ऐकू आली. साडेबाराला पुन्हा. मग दोनला. तीनला मी स्वतः गेलो आणि ढवळलं, कारण सहा तास न ढवळता एखादी गोष्ट चांगली होत असेल यावर माझा विश्वासच बसत नव्हता.

संध्याकाळी सहाला जे ताटात पडलं ते असं: रस्सा म्हणावा तर पाणी, रंगानं धुवट. बटाटे बाहेरून मऊ, आत कच्चकन दाताखाली येणारे. मटण शिजलेलं, पण बेचव आणि कोरडंच. बाबांनी नेहमीसारखेच दोन गोळे ताटाच्या कडेला ठेवले. बायको म्हणाली, "अरे, हे दवाखान्यात देतात तसं लागतंय."

मग मी नीट वाचायला बसलो, आणि लक्षात आलं की मी स्लो कुकरला मंद आचेवरचं पातेलं समजत होतो.

पाण्याचं आधी सांगतो. पातेल्यातलं पाणी आटतं, आपण ते आटणार हे धरूनच घालतो. इथे वाफ झाकणाला लागते, थेंब होते आणि परत आत पडते. बाहेर जवळजवळ काही जात नाही. शिवाय मांस, कांदा, टोमॅटो यांचं स्वतःचं पाणी सुटतं ते वेगळंच. आता मी नेहमीच्या निम्मं किंवा त्याहून जरासं जास्त घालतो. घालताना दर वेळी हात थरथरतो, हे कोरडं राहणार असं वाटतं, आणि दर वेळी संध्याकाळी रस्सा व्यवस्थित असतो. तरीही पातळ झालाच तर शेवटच्या अर्ध्या तासात हायवर करून थंड पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर घालायचं.

बटाट्यांचं कोडं मला जास्त आवडलं. मटण शिजतं आणि बटाटा शिजत नाही, हे पातेल्यात कधी होत नाही. पण भाज्यांना धरून ठेवणारं पेक्टिन साधारण ८५ अंशांच्या आसपास पोचल्याशिवाय ढिलं पडत नाही, आणि मांस त्याच्या बरंच आधीपासून शिजायला लागतं. कुकरचं तापमान वर चढायलाच काही तास जातात. त्यात मी भाज्या सगळ्यांत वर, आचेपासून लांब ठेवल्या होत्या. आता कंदमुळं खाली आणि कडेनं, भांड्याला टेकून, फोडी लहान आणि सारख्या. मांस त्यांच्या वर. पोह्यांवर खोबरं पेरावं तसं शेवटी भाजी टाकायची नाही, तिचा पाया घालायचा.

मटणाचा तुकडा निवडण्यातही मी उलटा गेलो होतो. खाटकाकडे आपण जे टाळतो, खांद्याचं, नळीचं, पांढऱ्या पडद्यांचं, तेच इथलं खरं मटण. त्या पडद्यांत कोलॅजन असतं. साधारण ७० अंशांच्या पुढे ते तासन्‌तास राहिलं की हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं, आणि रश्शाला तो चिकटसर, ओठांना लागणारा दाटपणा येतो. मांसाचे धागे सुटतात, पण जिलेटिननं माखलेले सुटतात, म्हणून कोरडे लागत नाहीत. पुठ्ठ्याच्या कोरड्या मांसात हे घडायला काही नसतंच. त्याला आठ तास ठेवा नाहीतर दहा, ते फक्त आणखी कोरडं होतं. कोंबडीच्या छातीचंही तेच. मांडी घ्यावी, आणि तीसुद्धा मटणाएवढा वेळ ठेवू नये.

आणि रंग. स्लो कुकरमधलं तापमान उकळीच्या पुढे जात नाही. मांस, कांदा तपकिरी होऊन जो खमंगपणा येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढचा खेळ आहे, त्यामुळे तो इथे होणारच नाही, कितीही वेळ ठेवा. तो आधी कढईत करून घ्यावा लागतो. कांदा परतायचा, मांसाला चारी बाजूंनी रंग आणायचा, कढईला लागलेलं सगळं थोड्या पाण्यानं खरवडून तेही भांड्यात ओतायचं. नुसतं 'टाकायचं आणि जायचं' म्हणणारे हे सांगत नाहीत. कष्ट कमी होत नाहीत, ते संध्याकाळचे सकाळी येतात. कांदा तर मी परतल्याशिवाय घालतच नाही; कच्चा घातलेला कांदा आठ तासांनीही आपला उग्रपणा सोडत नाही.

राहता राहिलं झाकण. एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते, आणि गेलेली आच परत यायला पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास लागतो. गॅसची ज्योत मोठी करून ती भरून काढता येते, इथे तशी सोय नाही. त्या दिवशी बाबांनी तीनदा आणि मी एकदा, त्यात मी ढवळत बसलो. म्हणजे आठ-नऊ तासांतला तासाहून जास्त वेळ आम्ही दोघांनी मिळून वाया घालवला होता. ढवळायची गरजही नसते, कारण बाजूनं येणारी आच इतकी हलकी असते की तळ धरत नाही.

मी हे बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या खेपेला अकरा वाजता पुन्हा किर्र.

"बाबा!"

"मी वास घेत होतो फक्त."

त्यांना बोलून उपयोग नव्हता. पन्नास वर्षं ज्या माणसानं उकळणाऱ्या भांड्यात डाव घालून, दाणा बोटांत चिरडून अन्न झालं की नाही ते ठरवलं, त्याला घड्याळावर विश्वास ठेव म्हणणं म्हणजे अतीच. मग मी वेळेतच बाबा धरायला लागलो. आठ तासांचा पदार्थ असेल तर मी साडेआठ लावतो.

लो आणि हायचाही माझा गैरसमज होता. मला वाटायचं लो म्हणजे कमी तापमान, हाय म्हणजे जास्त. बहुतेक कुकरमध्ये दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालच्या तापमानाशी येऊन पोचतात, फरक असतो तो तिथवर जायला लागणाऱ्या वेळेचा. हायवरचे चार तास म्हणजे लोवरचे साधारण सात-आठ. म्हणून लोवर ठेवलं तर रात्रभर अन्न 'नुसतं गरम' राहील, करपणार नाही, असं समजून बारा-चौदा तास सोडून देऊ नये. त्याचा लगदा होतो. वॉर्म ही वेगळीच गोष्ट. ते फक्त झालेलं अन्न गरम ठेवण्यासाठी. त्यावर शिजवायचं नाही आणि फ्रिजमधलं शिळं त्यात गरमही करायचं नाही. ४ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात, आणि स्लो कुकर तो टप्पा फार सावकाश ओलांडतो. शिळं अन्न गॅसवर खळखळून तापवायचं, मग हवं तर वॉर्मवर ठेवायचं. गोठलेलं मांसही थेट घालायचं नाही, आधी फ्रिजमध्ये सावकाश सुटू द्यायचं. मी आता पहिला तास हायवर ठेवतो आणि मग लोवर आणतो, म्हणजे तो कोमट टप्पा लवकर मागे पडतो.

तिसऱ्या आठवड्यात मला चेव चढला आणि मी राजमा काढला. रात्रभर भिजवला, सकाळी उपसला आणि भांड्यात ओतणार, तेवढ्यात बायकोनं पुस्तिका माझ्यापुढे धरली. "हे वाचलंस का?" वाचलं नव्हतं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, लाल राजम्यात सगळ्यांत जास्त. खळखळत्या उकळीत ते नष्ट होतं. पण स्लो कुकरमध्ये दाणा ८० अंशांच्या आसपास तासन्‌तास राहिला तर ते जात तर नाहीच, उलट असा अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. चार-पाच दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब. आणि दाणा तर दिसायला मऊ झालेला असतो! म्हणून राजमा किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकून द्यायचं, नव्या पाण्यात गॅसवर अर्धा तास रटरट उकळायचा आणि मगच कुकरमध्ये घालायचा. मी त्या दिवशी उकळला तेव्हा वर आलेला फेस बघून घसा कोरडा पडला होता.

गंमत अशी की हे यंत्र जन्माला आलं तेच मुळी घेवड्याच्या दाण्यांसाठी. आयर्व्हिंग नॅक्सॉन नावाच्या अमेरिकन माणसानं १९३६ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९४० मध्ये ते मिळालं. त्याची आई लिथुआनियाची. तिच्या लहानपणी सब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मांस-दाण्यांचं भांडं गावातल्या बेकरीत नेऊन ठेवत. भट्टी विझवलेली असे, आणि ती निवत जाताना त्या उरलेल्या उष्णतेत रात्रभर ते शिजे. नॅक्सॉननं ती भट्टी विजेवर आणली आणि पुढे 'नॅक्सॉन बीनरी' म्हणून विकली. १९७० मध्ये रायव्हल कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला, १९७१ मध्ये त्याला 'क्रॉक-पॉट' नाव दिलं आणि मग ते घरोघरी गेलं. दाण्यांचं यंत्र, आणि एका दाण्यासाठी त्याला आधी गॅसची मदत घ्यावी लागते! काबुली चण्याला इतकी भीती नाही, पण आता सवयीनं मी त्यालाही एक उकळी देतो. टोमॅटो मात्र दाणे मऊ झाल्यावरच घालतो. आंबट आधी पडलं की दाणा हट्टाला पेटतो आणि मऊ होत नाही.

आता त्या खटक्याच्या दग्याबद्दल. एका शनिवारी आम्ही तिघंही सकाळी बाहेर पडलो, कुकर लोवर ठेवून. पाचला परत आलो. स्वयंपाकघरात छान वास, झाकणावर थेंब, आत मंद बुडबुडे. सगळं जिथल्या तिथे. मी ताटं घ्यायला वळलो आणि मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडे नजर गेली. ००:०० लुकलुकत होतं.

म्हणजे वीज गेली होती. कधी, किती वेळ, काही कळायला मार्ग नाही. दहा मिनिटं असेल, चार तास असतील. खटका लोवर होता, वीज आल्यावर कुकर निमूटपणे परत सुरू झाला होता आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं शिजवत बसला होता. डिजिटल असता तर निदान बंद पडून त्यानं सांगितलं तरी असतं. मी ज्याला गुण समजून घेतलं होतं त्यानंच मला फसवायला घेतलं होतं.

घरात माणूस असेल तर सोपं असतं: वीज गेल्या गेल्या भांड्यातलं पातेल्यात ओतून गॅसवर पुरं करायचं. घरात कुणी नसताना गेली असेल, तर दिसायला शिजलेलं असलं तरी टाकून द्यायचं. हा नियम मी वाचला होता. पाळणं वेगळं. किलोभर मटण होतं, आदल्या रात्री चिरून ठेवलेलं, सकाळी सहाला उठून परतलेलं. बायको काही न बोलता माझ्याकडे बघत उभी होती. बाबा म्हणाले, "वास तर चांगला येतोय." वास चांगला येतच होता. मी ते ओतून दिलं आणि आम्ही ब्रेड आणि अंडी खाल्ली. बाहेर जाताना आता मी भिंतीच्या प्लगवरचं एक जुनं विजेचं घड्याळ कुकरशेजारी लावून जातो. वीज गेली की ते थांबतं, आली की तिथूनच पुढे चालतं. परत आल्यावर ते जेवढं मागे असेल तेवढा वेळ वीज नव्हती.

बाकीच्या गोष्टी हळूहळू हाताला लागल्या. दूध, साय, दही शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर फाटतं. एकदा फाडून पाहिलंय. कोवळा पाला अगदी शेवटी. आदल्या रात्रीची तयारी मातीच्या भांड्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायची नाही, डब्यात ठेवायची, कारण गारढोण भांडं तापत्या कुकरमध्ये ठेवलं किंवा तापलेल्या भांड्यावर गार पाणी सोडलं तर त्याला तडा जातो. उरलेलं अन्नही त्या जाड भांड्यातच निवत ठेवू नये, ते निवायला फार वेळ घेतं. पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. विजेचं बिल वाढेल या धास्तीनं मी एकदा प्लगला मीटर लावून बघितलं होतं, आठ तासांना एका युनिटाच्या आसपास. धास्ती गेली.

सगळंच याच्यात करावं असंही नाही. भात मी यात करत नाही, त्याचा गिचका होतो. हिरव्या भाज्या नाहीत, मासे नाहीत. डाळीला प्रेशर कुकरच बरा. पंधरा मिनिटांच्या कामाला दिवसभर राबवण्यात काय अर्थ? आठवड्यातून दोनदा निघतो, बाकी दिवस ओट्याच्या कोपऱ्यात असतो. तेवढ्यासाठीही घेतल्याचा पश्चात्ताप नाही.

खांद्याचं मटण पहिल्यांदा नीट जमलं तो गुरुवार होता. डावानं उचलायला गेलो तर नळी एकटीच हातात आली, मांस भांड्यातच राहिलं. बाबा हळूहळू जेवले. दुसऱ्यांदा घेतलं. ताट उचलायला गेलो तर कडेला नळी होती, मधली पोकळी स्वच्छ चोखलेली, आणि बाकी काही नव्हतं.

आज परत तेच लावलंय. मघाशी अकराच्या सुमारास स्लीपरचा आवाज गेला, मी किर्रची वाट बघत बसलो. ती आली नाही. उठून पाहिलं तर बाबा ओट्याशी खुर्ची ओढून बसले होते. वाफेनं काच आतून पांढरी झालेली. त्यांनी बोटाच्या पेरानं झाकणावर दोनदा टकटक केलं. काचेवरचे थेंब ओघळून खाली पडले, मधे रुपयाएवढी जागा साफ झाली. ते वाकले, त्या जागेतून एक डोळा लावून आत पाहिलं, आणि मला म्हणाले, "गाजर अजून कडक आहे. तू जा, कामाला बस."